परक्याचे स्वागत : कोकणच्या इतिहासातील एक प्रकरण

अतिथीचा सत्कार करावा असे न सांगणारा धर्म पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच आढळेल. आमच्याकडे गृहस्थाच्या नित्याच्या पंचमहायज्ञांत अतिथीचा यज्ञ गणला आहे, आणि अतिथीला देव मानावे ही उपनिषदांची आज्ञा लहान मुलासही ठाऊक असते. परंतु अतिथी कोणास म्हणावे, हा प्रश्न ग्रंथांनी सुटत नाही. तो घराच्या रचनेतच सुटलेला असतो. जुन्या कोकणी घराचे अंगण, पडवी, ओटी आणि माजघर ह्या केवळ बांधकामाच्या पायऱ्या नव्हत. आलेल्या मनुष्याने कोठवर यावे, ह्याच्या त्या रेषा होत्या. कोणी पाटावर बसे, कोणी पडवीच्या कडेला टेके, आणि कोणाच्या ओंजळीत अंगणातच वरून पाणी ओतले जाई. तिघेही आलेलेच असत. परंतु अतिथी तिघांपैकी एकच ठरे.

ख्रिस्ती धर्माने ह्या रेषांविषयी जे सांगितले, त्याचा कोकणाशी संबंध कसा आला, तो कोठे फळला आणि कोठे बिघडला, हे पाहण्याचा आमचा येथे विचार आहे. ज्या रत्नागिरी जिल्ह्याविषयी आम्ही बोलणार, त्यात १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही मोडत असे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मूळ उपदेश साधा आहे. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, परक्यास आसरा आणि बंदिवानास भेट, ह्यांपैकी जे काही अत्यंत क्षुद्र मानलेल्या मनुष्यासाठी केले ते आपल्यासाठीच केले, असे येशूने शेवटच्या न्यायाच्या दृष्टांतात सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ह्या उपदेशाचा पहिला मोठा प्रयोग चौथ्या शतकात आशिया मायनरमध्ये झाला. तेथील कैसरियाचा धर्माध्यक्ष बेसिल ह्याने नगराबाहेर प्रवासी, दरिद्री आणि महारोगी ह्यांच्यासाठी एक वसाहतच उभारली. त्याच शतकात रोमचा बादशहा जुलियन जुन्या देवतांची उपासना पुनः प्रस्थापित करू पाहत होता. त्याने आपल्या पुजाऱ्यास लिहिलेल्या पत्रात एक मार्मिक तक्रार आहे : हे ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांना पोसतात ते पोसतातच, शिवाय आमच्याही गरिबांना पोसतात, मग आमच्या मंदिरांनी धर्मशाळा का काढू नयेत? प्रतिस्पर्ध्याची ही तक्रार आम्हांस कोणत्याही प्रशस्तीपेक्षा मोलाची वाटते. तीत पुढील साऱ्या इतिहासाचे बीज आहे. परक्यासाठी उघडलेले एक दार शेजाऱ्याची झोप मोडते, आणि मग त्यालाही आपले दार उघडण्याचा विचार करावा लागतो.

परंतु त्याच उपदेशाचे विपरीत रूपही आमच्या किनाऱ्याने पाहिले आहे, आणि कालक्रमाने ते आधीचे आहे. १५१० मध्ये गोवे पोर्तुगिजांच्या हाती गेले. त्यांनी तेथे रुग्णालये बांधली आणि गरिबांसाठी दयेची संस्था स्थापिली, हे खरे. तथापि १५५९ मध्ये त्यांच्या राजाज्ञेने असे ठरविले की, अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवावे. पुढल्याच वर्षी, १५६० मध्ये, गोव्यात धर्मन्यायालय आले. ते मधला अल्पकाळ वगळता १८१२ पर्यंत टिकले. अनाथाला आसरा द्यावा ही धर्माची आज्ञा. तिचेच शस्त्र झाले. आजी, चुलते, मामा जिवंत असलेले मूल अनाथ ठरविले जाऊ लागले. कित्येक कुटुंबे आपले देव घेऊन नद्यांपलीकडे गेली. कित्येक उत्तरेस मालवण-राजापुराकडे आणि दक्षिणेस कानडा मुलखात आली. परक्याचे स्वागत करण्याचा उपदेश ज्या मंडळीचा, तिनेच हजारोंना परके करून देशोधडीस लावावे आणि कोकणातल्या गावांनी त्यांना जागा द्यावी, असा हा उफराटा प्रकार होय. ख्रिस्ती झालेल्यांतही जातिभेद गेला नाहीच; गोव्याच्या चर्चांतील बंधुसंघ जातवार राहिले.

म्हणून एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या एका पंथाचे ख्रिस्ती धर्मोपदेशक बाणकोटच्या खाडीत उतरले, तेव्हा कोकणी मनुष्याने त्यांच्याकडे संशयाने पाहिले असल्यास नवल नाही. बाणकोटचा किल्ला आंग्र्यांकडून घेऊन इंग्रजांना १७५० नंतरच्या दशकातच मिळाला होता, आणि दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचे ठाणे १८२२ मध्ये रत्नागिरीस हलेपर्यंत तेथेच होते. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला उपदेशक डोनल्ड मिचेल १८२३ मध्ये ह्या भागात आला आणि त्याच वर्षी मृत्यू पावला. त्याच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै येथे ठाणी केली व मराठी शाळा काढल्या. रॉबर्ट नेस्बिट १८२७ मध्ये येथेच आला. पुढे मुंबईत विख्यात झालेले जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट हे १८२९ मध्ये मराठी शिकण्यासाठी काही महिने ह्याच किनाऱ्यावर राहिले. मार्गारेटबाईंनी त्यानंतर मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या. ह्या मंडळींना येथे फारसे अनुयायी मिळाले नाहीत, आणि लौकरच त्यांनी मुंबई-पुण्याकडे मुक्काम हलविला. त्यांच्या शाळेत येणाऱ्या मुलाला मात्र एक गोष्ट कळली असली पाहिजे : साहेबाच्या ओटीला आमच्या ओटीसारख्या रेषा नाहीत.

ही गोष्ट किती स्फोटक होती, हे १८४३ मध्ये मुंबईत दिसून आले. त्या वर्षी नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपती हा अल्पवयी. तोही मिशनऱ्यांकडे, नेस्बिटच्या घरी, राहावयास गेला आणि त्यांच्या घरचे जेवला. बापाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि न्यायालयाने मुलास बापाच्या स्वाधीन केले. आमच्या मते न्यायालयाने योग्य तेच केले. धर्म बदलणे ही जन्माची गोष्ट. ती करण्याइतके ज्ञान अल्पवयी मुलास असते असे धरून चालणे म्हणजे गोव्याच्या त्या १५५९ च्या आज्ञेकडे, सौम्य हाताने का होईना, परत जाणे होय.

परंतु खरे प्रकरण न्यायालयाच्या निकालानंतर सुरू झाले. मुलगा घरी आला. पण घर कोठे होते? परक्याच्या पानावर जेवलेला हा पोर जातीबाहेर झाला, त्याला आत घेता येत नाही, असे सनातनी मंडळींनी म्हटले. आपला मुलगा परत द्या म्हणून ज्यांनी न्यायालयापुढे आक्रोश केला, त्यांच्याच समाजाने तो परत मिळाल्यावर दार लावून घेतले! ह्या वेळी जे पुढे झाले ते बाळशास्त्री जांभेकर. पोंभुर्ल्याचे हे पंडित, ‘दर्पण’ पत्राचे संपादक आणि एल्फिन्स्टनचे प्राध्यापक. प्रायश्चित्त देऊन श्रीपतीला जातीत घ्यावे असा पक्ष त्यांनी शास्त्राधारे मांडला. त्यावरून ब्राह्मणवर्गात दोन तट पडले आणि बहिष्काराच्या धमक्या झाल्या. बाळशास्त्री १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपास, निवर्तले. त्यांच्या अल्प आयुष्यातील हे कार्य पत्रकारितेच्या कीर्तीपुढे झाकले गेले आहे. पण आम्हांस ते कमी महत्त्वाचे वाटत नाही. मिशनऱ्यांशी वाद घालणारे पुष्कळ होते. परत आलेल्यास बसावयास पाट दिला पाहिजे, असे म्हणणारे थोडे होते.

थोरल्या भावाचे पुढे काय झाले? नारायण शेषाद्री १८५४ मध्ये दीक्षित उपदेशक झाले आणि नंतर मोगलाईत जालन्यास गेले. तेथे निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी मुख्यतः मांग समाजातील ख्रिस्ती झालेल्या लोकांचे एक गाव वसविले. त्याचे नाव बेथेल. इब्री भाषेत त्याचा अर्थ देवाचे घर. एका भावाने परक्याच्या घरी अन्न घेतले म्हणून स्वगृही त्याचा प्रवेश अडला. दुसरा भाऊ, ज्यांची सावलीही टाळली जाई अशा लोकांच्या वस्तीत जाऊन राहिला. धर्ममताचा वाद बाजूस ठेवला तरी ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

आता आम्ही ह्या विषयाच्या मध्यभागी येतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी लंडनजवळ फुलम येथे चालविलेला आश्रम रमाबाईंना दाखविण्यात आला. तेथे ज्या स्त्रियांना जग पतित म्हणते त्यांना जवळ करून, त्यांची सेवा करून, पुनः उभे केले जाई. रमाबाईंना आश्चर्य वाटले; आमच्या शास्त्रांत अशा स्त्रीस दंड सांगितला आहे, दया कोठे सांगितली आहे, असा विचार त्यांच्या मनात आला. हे कशासाठी करता, असे त्यांनी विचारले असता एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. ही कथा कोकणी वाचकास टिपेवाचून समजेल. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याचा विटाळ मानीत. अशा परजातीच्या आणि लौकिकाने डागाळलेल्या स्त्रीपाशी येशू विहिरीवर बसून पाणी मागतो. अतिथी येथे कोण आणि यजमान कोण? जो देणारा म्हणवतो, तोच प्रथम ओंजळ पुढे करतो. दुष्काळात आईबाप गमावून देशभर भटकलेल्या, ब्राह्मणेतराशी विवाह करून विधवा झालेल्या त्या विदुषीस ह्या कथेने जिंकले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईत शारदासदन उघडले. अमेरिकेतील साहाय्यक मंडळीशी झालेला करार असा होता की, येथे धर्माची सक्ती नाही. विधवांनी आपापले आचार पाळावे. ह्या सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी रत्नागिरी जिल्ह्याची होती : देवरूखच्या जोशी घराण्यातील गोदूबाई. लहानपणीच वैधव्य आलेल्या ह्या मुलीस तिचे बंधू नरहरपंत ह्यांनी मुंबईस आणले होते. गोदूबाई तेथे शिकल्या, वाढल्या आणि हिंदूच राहिल्या. नरहरपंतांचे मित्र धोंडो केशव कर्वे, मुरूडचे, ह्यांच्याशी १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह झाला.

पुढे काय घडले ते कर्व्यांच्या आत्मवृत्तात आहे. नवदंपती मुरूडास आली तेव्हा ग्रामस्थांची सभा भरली आणि कर्व्यांशी व्यवहार ठेवू नये असा निर्णय झाला. त्यांना घरात ठेवून घेतल्यास त्यांच्या आप्तांवरही बहिष्कार पडणार होता. ज्या मुलास गावाने वाढविले, शिकविले, त्यालाच आपल्या आईच्या घरी राहता येईना. ह्या दोन दारांची तुलना अपरिहार्य आहे. परधर्मात गेलेल्या एका बाईने ब्राह्मण विधवेस तिच्या सोवळ्यासकट घरात घेतले. तिच्या पतीच्या स्वतःच्या गावाने तिला उंबऱ्यावर थोपविले. परंतु ह्या प्रकरणाचा शेवट तक्रारीत नाही, हे कर्वे दंपतीचे मोठेपण. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला. पुढे तो हिंगण्यास गेला आणि गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, ह्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. शारदासदनात पाहुणी म्हणून आलेली मुलगी स्वतःच यजमान झाली. तिने दार बदलले नाही. दुसरे दार उघडले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या १८९३ साली गोदूबाईंचा विवाह झाला, त्याच वर्षी पुण्यास गेलेल्या शारदासदनावर वादळ कोसळले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. दार लावून घ्यावे, असे सल्लागारांना वाटले. मी आपल्या प्रार्थनेचे दार कोणासाठी बंद करणार नाही, असा रमाबाईंचा पवित्रा. न्यायमूर्ती रानडे आणि मालवणचे डॉक्टर भांडारकर ह्या सुहृदांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी सक्ती केली नव्हती, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या घरी आसरा, अन्न, विद्या आणि माया मिळते, त्या घरच्या माउलीचे उघडे दार हे कोवळ्या मनाला निमंत्रणच असते, हेही नाकारता येत नाही. उपकाराचे ओझे न बोलताच वाकविते. म्हणून रानडे-भांडारकरांची शंका केवळ कर्मठपणाची नव्हती. आणि रमाबाईंचा आग्रह केवळ कपटाचा नव्हता.

थोड्याच वर्षांत दुष्काळाने हा प्रश्न अधिक तीव्र केला. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात अन्नान्न दशा झाली. लहानपणी स्वतः ती भोगलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगाच्या निर्बंधांमुळे त्यांना पुणे शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या, तेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी निराधार आल्या, आणि वस्ती दीड हजारांच्या वर गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा, सर्व काही त्यांच्याच हातांनी चाले. पतित मानलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, आणि अंधांनाही वाचन व हातकाम शिकविले जाई. आश्रितांपैकी बहुसंख्य पुढे ख्रिस्ती झाल्या. भुकेने मरणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीने धर्म निवडला असे कोणी म्हणू नये; पण मग तिला रस्त्यावरून उचलण्यास दुसरे कोण गेले होते, ह्या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागेल. मुक्तिसदन आजही चालू आहे.

ह्या कोड्याचे उत्तर शोधू पाहणारा ख्रिस्ती मंडळीतलाच एक मनुष्य कोकणचा होता. नारायण वामन टिळक हे १८६१ मध्ये तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नगरास आल्यावरही काही काळ आपले सोवळे सांभाळून राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. मनातील स्पृश्यास्पृश्यतेची गाठ कशी सुटली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त ज्या निर्मळपणे सांगितले आहे, तसे मराठीत दुसरे कोणी सांगितलेले नाही. टिळकांनी तिची घाई केली नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण तिचे सोवळे त्यांच्या घरात राहू शकले, हे खरे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. परंतु ह्या कल्पनेतील न्याय आम्हांस मोठा वाटतो. पाहुण्याचे नाव नोंदवहीत चढविल्यावाचून त्याला पंक्तीस बसविता येते, हे त्यात मान्य होते.

ज्या रत्नागिरीत आम्ही हे लिहीत आहो, तेथे १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उघडले. भागोजीशेठ कीर ह्यांनी द्रव्य दिले; स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांची प्रेरणा होती. अस्पृश्य मानलेल्यांसह सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेले हे देवालय आणि त्याच्या जोडीची सहभोजने ह्यांनी गावाच्या जुन्या रेषा पुसण्यास आरंभ केला. शुद्धी हाही सावरकरांच्या कार्यक्रमाचा भाग होता. अर्थात मिशनऱ्यांच्या उघड्या दाराशी असलेली स्पर्धा त्यात उघड होती. सहाव्या दशकात शिरलेल्या आमच्यासारख्यास ह्या स्पर्धेत उणेपणा दिसत नाही. जुलियन बादशहाची तक्रार येथे सोळा शतकांनंतर कृतीत उतरली, इतकेच. आणि तो जे करू शकला नाही ते येथे काही अंशी झाले. मर्यादा एकच : हे दार हिंदूंसाठी होते, जसे मिशनचे दार, बहुधा, ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांसाठी.

सारांश, ख्रिस्ती मंडळीच्या ह्या उपदेशाचे कोकणातील यश बाप्तिस्म्यांच्या संख्येत मोजू गेल्यास ते अल्प आहे. त्याचे खरे यश बाळशास्त्र्यांच्या प्रायश्चित्तपक्षात, हिंगण्याच्या आश्रमात आणि पतितपावनाच्या पायऱ्यांवर आहे. म्हणजे ज्यांनी ख्रिस्त स्वीकारला नाही त्यांच्या हातून घडलेल्या कामात आहे. आणि त्याचे अपयश तेथे तेथे आहे, जेथे आसऱ्याची किंमत म्हणून पाहुण्याचे मन मागितले गेले. हे दोन्ही निकष आजही उपयोगी पडतील. आज आमच्या हापुसाच्या बागांत राखणीला नेपाळचे गडी आहेत, मच्छिमारी नौकांवर परप्रांतीचे खलाशी आहेत; आणि आमचीच मुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत चाकरमानी म्हणून परक्यांच्या चाळींत राहिली आहेत. त्यांना आम्ही कोठवर येऊ देतो, अंगणात, पडवीत, की पाटावर. आणि येऊ दिल्यावर त्यांच्याकडून काय मागतो : श्रम, कृतज्ञता, की त्यांचे सारे वेगळेपण? देवरूखच्या त्या मुलीला एका घराने जागा दिली आणि तिचे मन तिच्यापाशीच राहू दिले. तेवढ्यावर तिने पुढे शेकडोंना जागा दिली.